वेलीसकट कवंडळं

चतुर्थीच्या तोंडावर म्हापशाच्या बाजारात ओल्या रानपाल्याचा वास आला, की मला मुळगावचा डोंगर आठवतो. गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या माटोळीसाठी केशरी कवंडळं कुठे मिळतात, ती वेल मला वडिलांनी दाखवली होती आणि मी ती फक्त एका मित्राला दाखवली. त्याला मोबाईलवर ऐकलेल्या स्टोइक तत्त्वज्ञानाचं भारी वेड. आवडीचं काय काय हातचं जाऊ शकतं ते रोज सकाळी मनात आणायचं, म्हणजे गेल्यावर लागत नाही, हे त्यानेच मला शिकवलं. त्या वर्षी डोंगर चढून गेलो, तर वेल मुळाशी कापलेली. संध्याकाळी त्याच्या घरी बघतो, तर स्पर्धेसाठी सजवलेल्या माटोळीत सगळी कवंडळं लोंबत होती, वेलीसकट. माझा चेहरा बघून तो अगदी शांतपणे म्हणाला, "हातात नाय तां सोडून दी रे." खड्ड्यात गेली ती शांती! वानरं, वादळ, कीड, सगळं मी सकाळी सकाळी मनात आणलं होतं. तो तेवढा आणला नव्हता. अजूनही पहाटे डोळे मिटून बसतो. आता पहिला तोच येतो.