नहराच्या पलीकडचं पाकिस्तान

आमच्या गल्लीला सगळे पाकिस्तान म्हणतात. म्हणजे म्हणायचे. आता काय म्हणतात ते मला नीट सांगता येणार नाही, कारण माझ्यासमोर कुणी बोलत नाही.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं तेव्हा मी लहान होते. नव्या जागी प्लॉट वाटले गेले. शेतीवाल्यांची घरं रस्त्याकडे आली आणि आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांची नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पलीकडे. मधे एक छोटा पूल आहे. त्या पुलाला कुणीतरी बॉर्डर म्हटलं आणि आमच्या बाजूला पाकिस्तान. सुरुवातीला माझी आई चिडायची. मग तीच म्हणायला लागली, "जा वं, बॉर्डरपलीकडून चहापत्ती घेऊन ये." चौथीत मी वहीवर पत्ता लिहिला होता, मु. पाकिस्तान. बाईंनी लाल पेनानं खोडला आणि वर्गात सगळे हसले. मीही हसले.

हे आधी सांगते आहे, कारण पुढचं याशिवाय कळणार नाही.

दर पंधरा दिवसांनी आमच्याकडे एक चाचा यायचे. भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या बाजूनं, जुन्या लुनावर. जाळ्याचा धागा आणि शिसं विकायचे. फेकजाळ्याच्या कडेला शिशाचे मणी लावतात, त्यामुळे जाळं पाण्यात सरळ खाली बसतं. त्या मण्यांना आम्ही गोळ्याच म्हणतो. चाचा नुसते विकत नव्हते, गल्लीतल्या कडुलिंबाखाली बसून पक्कडीनं लावूनही द्यायचे. कुणाच्या जाळ्याची गाठ कुणाच्या हातची, ते त्यांना ओळखू यायचं. एकदा माझ्या वडिलांचं जाळं मांडीवर घेऊन मला म्हणाले, "ही गाठ तुह्या बापाची नाही, आज्याची आहे. तुह्या बापाले एवढा दम कुठं?" वडील म्हणाले, "चाचा, तुमी शिसं इकाले येता का इज्जत काढाले?" चहा आमच्याच घरी व्हायचा. आमच्या गल्लीत येणारे मुसलमान तेवढे एकच, पण हे असं मी तेव्हा कधी मोजलं नव्हतं.

येण्याच्या आदल्या दिवशी चाचा वडिलांना फोन करायचे आणि मी गावाच्या ग्रुपवर निरोप टाकायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. भंडाऱ्याला बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यामुळे अर्ज, निरोप, लग्नाच्या पत्रिकेतली चूक, सगळं माझ्याकडे येतं. मला ते आवडायचंही.

त्या मे महिन्यात सीमेवर लढाई सुरू झाली. मी सुट्टीत घरी होते. टीव्ही सकाळपासून चालू असायचा. भोंगा वाजला तर काय करायचं, दिवे कसे घालवायचे, हे इतक्या लांबच्या आमच्या गावातही लोक एकमेकांना समजावत होते. ग्रुपवर सारखं काहीतरी यायचं. अनोळखी माणूस दिसला तर कळवा. फेरीवाल्यांचं आधार कार्ड तपासा. मला अभ्यासाला बसवत नव्हतं, झोप लागत नव्हती, आणि नक्की कशाची भीती वाटते तेही सांगता येत नव्हतं.

त्यातच चाचांचा फोन आला. मी नेहमीसारखा निरोप लिहिला. तो मला पाठ आहे.

"चाचा उद्या सकाळी आठ वाजता पाकिस्तानात येतील. गोळ्या भरपूर आणणार आहेत. ज्यांना पाहिजे त्यांनी आपापली तयारी ठेवावी."

खाली त्यांचा फोन नंबर टाकला. तयारी म्हणजे जाळी धुऊन, वाळवून ठेवायची. लिहिताना मला काहीही खटकलं नाही. दिवसभर टीव्हीवर पाकिस्तान हाच शब्द ऐकत होते, तरी खटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली जाळी पसरलेली होती. आठ वाजले, नऊ वाजले. चाचांचा फोन बंद. कुणीतरी म्हणालं, "बुढा पंचर झाला असन." दहाच्या सुमाराला माझ्या वर्गातल्या मैत्रिणीनं मला एक मेसेज पाठवला. वर लाल खुणा, "सावधान, जिल्ह्यात हालचाल", आणि खाली माझा निरोप. जसाच्या तसा. फक्त माझं नाव नव्हतं आणि चाचांचा नंबर होता. मैत्रिणीनं लिहिलं होतं, "तुमच्याकडचाच आहे म्हणे. सांभाळून राहा गं."

मी फोन पालथा ठेवला. आई म्हणाली, "काहून वं, अशी काहून बसली?" मी म्हणाले, काही नाही. आणि मी तासभर कुणालाच सांगितलं नाही. आत गेले, बाहेर आले, माठातलं पाणी प्यायले, पुन्हा आत गेले. ग्रुपवरचा माझा निरोप पुसला. पुसून काय होणार होतं? मेसेज दूर गेला होता. तरी पुसला. या तासाबद्दल लिहायला मला सगळ्यात जड जातं.

मग शेजारच्या काकाला फोन आला. हायवेवर पोरांनी एका म्हाताऱ्याला अडवलं, लुनाला अडकवलेली पिशवी उघडली, तिच्यात शिसं सापडलं. पोलिसांनी त्याला ठाण्यात नेलं. तेव्हा मी वडिलांना फोन दाखवला. त्यांना हळूहळू वाचता येतं. ते एकेक अक्षर वाचत होते आणि मी उभी होते.

"तू लिवलं?"

"हो."

"मंग तूच सांगाले चल." एवढंच म्हणाले. अर्धं शिसं लावलेलं जाळं त्यांनी खांद्यावर टाकलं आणि मोटारसायकल काढली.

ठाण्यात चाचा बाकावर बसले होते. शर्टाची बाही खांद्यापाशी उसवलेली. टोपी घडी करून मुठीत. आम्हाला पाहून ते उठले नाहीत. ठाणेदार साहेब वाईट वागत नव्हते. "बाहेर सोडलं तर ती पोरं पुन्हा धरतील, म्हणून बसवलं," म्हणाले. मी निरोप माझा असल्याचं सांगितलं.

"पाकिस्तान म्हणजे कुठं?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, नहराच्या पलीकडं."

मागचा शिपाई हसला. साहेब हसले नाहीत. "गल्लीचं खरं नाव काय?"

मी वडिलांकडे पाहिलं. खरं नाव नव्हतंच. कागदावर फक्त प्लॉट नंबर आहेत. वडिलांनी खिशातून आधार कार्ड काढून दिलं. साहेबांनी पत्ता वाचला आणि म्हणाले, "अहो, हे गाव तर पाण्यात गेलं." वडील म्हणाले, "हो साहेब. आमी तिथलेच." मग कुणी न विचारताच ते खाली बसले, जाळं पसरलं, टेबलावरच्या पिशवीतली एक गोळी घेतली आणि पक्कड नव्हती म्हणून दातानं दाबून कडेला बसवली. "हे असं असते साहेब. गोळी म्हंजे हे."

माझ्याकडून जबाब लिहून घेतला. पाकिस्तान हा शब्द मला त्यात चार वेळा लिहावा लागला.

दुपारी चाचांना सोडलं. फाटकापाशी मी माफी मागायला गेले आणि नुसती रडले. चाचा म्हणाले, "रडू नको बेटी. शब्द तुहा एकटीचा थोडी आहे. मी बी घरी हेच सांगून निघतो, पाकिस्तानात जाऊन येतो. बायको हसते." मग त्यांनी शिशाची पिशवी वडिलांच्या हातात दिली. "हे तुमीच न्या. मी आता या रस्त्यानं नाही येत."

"चाचा, चार दिवसांत सारं थंड होते."

"होईन. पण त्या पोरांत एक माह्या वळखीचा होता. त्याच्या बापाच्या जाळ्याले शिसं मीच लावलं आहे."

लढाई थांबली. टीव्हीवर दुसरं काही सुरू झालं. चाचा आले नाहीत. वडिलांनी दोनदा फोन केला, ते हसून बोलले, तब्येतीचं कारण सांगितलं. दिवाळीनंतर जाळ्यांच्या गोळ्या पुन्हा गळायला लागल्या तेव्हा मी स्वतः म्हणाले, मी जाते. कॉलेजातून परत येताना त्यांच्या घरी गेले. चाचींनी चहा दिला, पोहे दिले. चाचांनी गोळ्या कागदात बांधल्या, वर दोरा गुंडाळला, आणि पुडी माझ्या हातात देता देता थांबले. आतून पेन घेऊन आले.

"याच्यावर लिही बेटी. मासे धराच्या जाळ्यासाठी."

"चाचा, मला कोण अडवणार?"

"तुले कोणी नाही अडवत. तरी असू दे. तुहं अक्षर चांगलं आहे."

मी लिहिलं. मग तीनदा वाचून पाहिलं, याचा दुसरा काही अर्थ निघतो का. बसमध्ये पुडी मांडीवर ठेवली, अक्षरं वर करून.