डेल्फाच्या गाण्यातली बाई

माझी भावजय डेल्फा गुरुवारी शाळेच्या स्वयंपाकघरातून थेट घरी येत नसे, आणि तिथूनच माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पोरांना घेवड्याचं कालवण न् मक्याचा पाव वाढून झाला की हिचं काम संपलं. मग अंधार पडेस्तोवर ही बाई असते कुठे? माझा धाकटा भाऊ हर्शल बिचारा कोळशाच्या खाणीत खाली. आणि ही ओठांना लाली फासून, त्याचाच ट्रक घेऊन खोऱ्याबाहेर!

एकदा मी तिला अंगणातच अडवलं. "कुठं गं गेली होतीस?"

"ॲशलंडला, वन्सं. काम होतं."

"कसलं काम?"

"झालं की कळेलच."

झालं की कळेल म्हणे! सरळ बाई अशी उत्तरं देते का?

तशी डेल्फा आमच्याच खोऱ्यातली, वरच्या ओढ्याकाठची. आई लवकर गेली, धाकट्या भावंडांची तोंडं हिनेच पुसली, आणि ती हाताशी येतात न येतात तोच हर्शलशी लग्न. मूल नाही. दागिना नाही. होता तो एक गळा. आमच्या चर्चमध्ये वाद्याला मज्जाव, भजनं नुसत्या गळ्यावर. डेल्फाने सूर लावला की आडदांड खाणवाले खाली मान घालून नाकं शिंकरायचे. तिच्यासाठी आठवडा म्हणजे तो रविवारच. मला मात्र तेव्हाही वाटायचं, एवढं हिच्या गळ्यात येतं कुठून? सुखी माणूस असा गात नाही हो.

गुरुवारचा उलगडा झाला तो रेडिओवर. दुपारी मयताच्या बातम्या संपल्या, मी शेंगा मोडत बसले होते, आणि निवेदक म्हणाला, "आता आपल्याच भागातल्या एका बाईंचं गाणं." पाठोपाठ फिडल, आणि मग डेल्फा! ॲशलंड शहरात एका फर्निचरच्या दुकानामागे कोणीतरी रेकॉर्डिंगची खोली काढली होती. गिटार न् फिडल वाजवणारे त्या दुकानातलेच हमाल. गुरुवारी दुकान लवकर बंद व्हायचं, म्हणून गुरुवार. तबकडी हातात आल्यावर ही बाई रेडिओ स्टेशनच्या पायरीवर जाऊन बसली, ती त्यांनी गाणं लावेपर्यंत उठलीच नाही.

म्हणजे पुरुष नव्हता, गाणं होतं. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता ना? पण गाणं काय होतं ते ऐका. त्यातली बाई म्हणते, वळणावर मी ट्रकचे दिवे मालवते. परतताना ओढ्यावर तोंड धुते, म्हणजे त्याचा वास जातो. घरी येते, पोटभर जेवते, आणि वर घरच्यालाच विचारते, तुझा चेहरा का रे उतरलाय?

मी, मी, मी! सगळं 'मी'. आमच्याकडे स्वतःवर बेतल्याशिवाय असं गाणं कुणी गात नाही. आम्हाला गाणं म्हणजे कबुलीजबाबच.

मग काय विचारता! खाणीवर जाणारे तेच गाणं शिट्टीवर वाजवायचे, रेडिओवाल्याला फोनवर फोन. आणि त्याच घरांतल्या बायका चर्चच्या जेवणात डेल्फाच्या भांड्याला हात लावेनात. वळणापाशी राहणाऱ्या दोघा बाप्यांच्या बायकांनी घरात रणकंदन माजवलं. मी हर्शलकडे गेले.

"कोण आहे तो? मला नाव सांग फक्त."

"ताई, मनाचं रचलंय तिने. सोड ना आता."

किती भोळा माझा भाऊ, म्हणून मला तिथेच रडू फुटलं.

शनिवारी चर्चची बैठक. आमच्यात रीत अशी, की आधी विचारतात, सगळ्यांचं एकमेकांशी नीट आहे ना? नसेल त्याने उठून तक्रार सांगायची. दोष ठरला की चर्चच्या यादीतून नाव काढून टाकतात. नाव काढलेल्याचा हात कुणी हातात घेत नाही, आणि आमच्या बाकांवर बसून त्याला भजन म्हणता येत नाही. डेल्फाला दुसरं होतं काय?

प्रमुख होते ब्रदर एनॉक. गाण्याची तक्रार त्यांच्याकडे आलीच होती; त्यांनी तिला उभं केलं. "सिस्टर डेल्फा, गाणं खरं की खोटं?"

खरं म्हणावं तर व्यभिचार, खोटं म्हणावं तर गावभर खोटं वाजवलं. दोन्हीकडून मेलीच!

हर्शल ताडकन उठला. "खोटं आहे, ब्रदर! साफ खोटं!"

एवढी घाई कशाला याला? आणि कपाळावर घाम कसला? आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या भावाचा संशय आला.

"हर्शल, बस खाली," डेल्फा म्हणाली. आवाज अगदी साधा, पोरांना वाढताना असतो तसा. "शब्दन् शब्द खरा आहे, ब्रदर एनॉक. वळणही खरं, ओढाही खरा. माझा उतरलेला चेहरासुद्धा खरा. मी फक्त पुरुषाच्या जागी बाई घातली."

बायकांच्या बाकांवरच्या माना हर्शलकडे वळल्या.

"पुरुषच ठेवला असता," ती म्हणाली, "तर तुम्ही कुणाला उभं केलं असतंत का?"

हर्शल बसला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, तिच्याकडे तर नाहीच. एनॉक खाकरले. "बरं. म्हणजे सिस्टर डेल्फावरची तक्रार मिटली. आता भजन घेऊ या." पुरुषांच्या बाकांवर भराभर पुस्तकं उघडली गेली. जसं काही झालंच नाही! डेल्फा अजून उभीच होती, एकटी. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. एवढे दिवस मी हिच्या ओठांची लाली बघत बसले, आणि हा माझ्या समोर बसून पोटभर जेवत होता.

आमच्यात कुणी विचारल्याशिवाय बाईने बैठकीत बोलायचं नसतं. मी उठले.

"माझी तक्रार आहे."

एनॉकनी पुस्तक मिटलं. "कुणाविरुद्ध, सिस्टर वेस्टा?"

मी माझ्या सख्ख्या भावाचं नाव घेतलं, आमच्या वडिलांच्या आडनावासकट, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.