तलवार उपसणारी पोरगी

माझा मामा गोष्ट सांगायचा ती घोडा होऊन. अगदी खरोखर. बैठकीतल्या सतरंजीवर दोन हात, दोन गुडघे टेकून, पाठीवर मला बसवून. त्याचं तोंड जमिनीकडं, माझं छताकडं, आणि गोष्ट खालून वर यायची. सिल्लोडहून एसटीनं तो आला की पिशवी खाली ठेवायच्या आत मी विचारायची, "मामा, घोडा?" आई म्हणायची, "अगं, पाणी तर पिऊ दे त्याला." मामा म्हणायचा, "बरोबर हाय, अक्का. आधी घोड्यालाच पाजत असतेत."

गोष्ट एकच होती. विलायतेतला राजा मरतो. वारस नाही, देशात सगळा सावळागोंधळ. एका दगडात तलवार रुतलेली असते; जो उपसेल तो राजा. मोठमोठे सरदार येतात, मिशा पिळतात, दंड थोपटतात. तलवार जागची हलत नाही. इथं घोडा थांबायचा. श्वास घ्यायचा. "मंग आली एक पोरगी. सरदाराच्या मुदपाकखान्यात भांडी घासनारी. ना माय, ना बाप. आली, परकराला हात पुसले, आन् तव्यावरनं भाकरी काढावी तशी तलवार काढली."

"मग ती राणी झाली?"

"राजा झाली. रानी म्हंजे राजाची बायको. ही राजा."

विलायत कशी असते हे मला नीट माहीत होतं, कारण मामानं ती दौलताबादला आणून ठेवली होती. खंदक तोच, अंधारी वाट तीच. शाळेच्या सहलीत सगळ्या मुली मिनार बघत होत्या, मी खंदकाच्या काठचे दगड तपासत होते.

या गोष्टीच्या जोरावर औरंगपुऱ्यातल्या आमच्या गल्लीवर मी राज्य केलं. आमच्या दगडी ओट्याला एक फट होती. तिच्यात मोडक्या स्टंपची तलवार. दर सुट्टीच्या सकाळी आधी तलवार, मग खेळ, असा नियम होता. मुलं ओळीनं यायची, स्टंप ओढायची, कण्हायची, धापकन मागं पडायची. शेवटी मी जायची, फ्रॉकला हात पुसायची आणि उपसायची. मग दिवसभर काय खेळायचं, पहिली बॅटिंग कुणाची, चोर कोण, सगळं मी ठरवायची. वकिलांचा मुलगा माझा सेनापती. त्याच्यासारखं कण्हणं कुणालाच जमत नसे. जोर लावताना त्याच्या कपाळावर शीर फुगायची. ती शीर बघून मला स्वतःच्या ताकदीची थोडी भीतीच वाटायची.

मग समोरच्या घरातल्या, सगळी गल्ली जिला खाला म्हणजे मावशी म्हणायची, त्या खालांचे यजमान सौदीहून रजेवर आले आणि व्हिडिओ घेऊन आले. एका रविवारी दुपारी खालांनी खिडक्यांना चादरी लावल्या, सगळ्या गल्लीची पोरं आत बसवली, प्रत्येकाच्या हातात सरबताचा पेला दिला आणि कार्टूनची कॅसेट लावली. इंग्रजी होती. भाषा कुणालाच कळत नव्हती. पण दगड आला, त्यात तलवार आली, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हीच. आपलीच गोष्ट आहे. आता ती येईल."

आला एक काटकुळा पोरगा. मला वाटलं, ती त्याच्या मागून येत असेल. मागून कुणी आलं नाही. त्या पोरानंच तलवार धरली आणि तव्यावरनं भाकरी काढावी तशी काढली. पडद्यावरचे लोक गुडघे टेकत होते, आणि इकडं अंधारात एकेक डोकं माझ्याकडं वळत होतं.

"बिटिया, मुंह कायकू उतर गया?" खाला म्हणाल्या. "पिक्चर पसंद नै आया?"

बाहेर उन्हात आल्यावर सेनापती म्हणाला, "पोरगा होता की गं."

"इंग्रजी होतं ते. तुला काय कळलं?"

"दिसलं ना."

तो सरळ आमच्या ओट्याशी गेला आणि दोन बोटांनी स्टंप काढला. कण्हला नाही. शीर फुगली नाही.

"आधीपासून निघत होता?" मी विचारलं.

"निघतच होता. तूच सांगितलं होतंस ना, सरदारांना निघत नाही म्हणून."

त्याच्या बोलण्यात जरासुद्धा खोट नव्हती. मग त्यानं नव्या राजाला शोभेल अशा मोठ्या मनानं मला सांगितलं, "तू आता राणी हो. राणी ओट्यावर बसते." त्या दिवशी पहिली बॅटिंग त्यानं केली. मी ओट्यावर बसून ती पाहिली.

पुढच्या शनिवारी मामा आला, सतरंजीवर टेकला आणि म्हणाला, "घोडा तयार हाय, सरकार." मी उभीच राहिले. म्हटलं, "मामा, तो पोरगा होता."

घोड्यानं चरल्यासारखं सतरंजीवर तोंड फिरवलं. मग म्हणाला, "शिनेमावाल्यांनी बदललं आसंल. इंग्रज लई बदलत असतेत, बाई. बस वर."

मी बसले. दुसऱ्या दिवशी हाच मुद्दा गल्लीत मांडला. पोरं पोट धरून हसली. मी मात्र त्यावर वर्षानुवर्षं टिकून राहिले. पुढं वाचनालयात मुलांसाठी मराठीत सांगितलेलं त्याच गोष्टीचं पुस्तक मिळालं. त्यातही पोरगा. मी ठरवलं, लिहिणाऱ्यानंही खालांकडचीच कॅसेट पाहिली असणार. त्या पुस्तकात मामानं कधीच न सांगितलेला शेवटही होता. राजा गोल टेबलाभोवती शूर दोस्त जमवतो, आणि बाहेरच्या शत्रूला न मोडलेलं राज्य त्या टेबलावरचेच मोडतात. हा शेवट मात्र मी वाचताक्षणी खरा मानला. मला त्यात जागोजागी वकिलांचा मुलगा दिसला. मामा कुठंच दिसला नाही.

मामाचं लग्न उशिरा झालं, मुलगा आणखी उशिरा. मी कॉलेजात होते तेव्हा दिवाळीला सिल्लोडला गेले. दारात चपला काढत होते, तर आतून, जमिनीलगत, ओळखीचा आवाज आला. मोठमोठे सरदार आले. मिशा पिळल्या. दंड थोपटले. मग तोच थांबा, तोच श्वास.

"मंग आला एक पोरगा. सरदाराच्या मुदपाकखान्यात भांडी घासनारा. ना माय, ना बाप. आला, चड्डीला हात पुसले..."

भाकरी होती, तवा होता. माझ्या परकराची तेवढी चड्डी झाली होती. मी एक चप्पल हातात धरून तिथंच उभी राहिले. बघायला गेलं तर माणूस आयुष्यात पहिल्यांदा ती गोष्ट पुस्तकात आहे तशी सांगत होता. आणि इतकी फसवणूक मला खालांच्या अंधाऱ्या खोलीतही वाटली नव्हती.

आत गेले. मामा सतरंजीवर चार पायांवर, पाठीवर चार वर्षांचं पोर, हातात लाटणं उगारलेलं.

"ये, ये," घोडा खालून म्हणाला. "मामी च्या टाकतीय. बस."

मी समोर मांडी घातली. "मामा, ती पोरगी होती ना?"

मामानं मान वर केली नाही. डोक्यावरचे केस विरळ झाले होते, कान लाल झालेले मला वरून दिसले.

"आता घोड्याला काय माहीत, बाई," तो म्हणाला. "वर बसलंय त्याला विचार."

मी वर पाहिलं. वरच्यानं लाटणं माझ्या नाकासमोर धरलं.

"पोरगाच व्हता," तो म्हणाला, आणि टाच मारून माझा घोडा दुसऱ्या खोलीत घेऊन गेला.