सातव्या चौरंगावरचं कुंकू

तुम्ही पाठवलेलं मेतकूट, वातींचं बंडल, उदबत्त्या आणि कुंकवाचा पुडा पोचला. माल तेवीस रुपयांचा आणि टपाल एकसष्टचं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! पण कुंकू मी प्रवासाला निघायच्या आधीच आलं, आणि त्यानंच घोळ घातला. ते पुढे येईलच.

कमलवहिनी, तुम्ही म्हणालात, प्रवासाचं सविस्तर लिहा, भजनाआधी मंडळात वाचून दाखवते. तर ज्यांची मुलं इकडे आहेत त्यांनी नीट ऐकावं.

पार्सिपनी गावात वत्सलावन्संकडे माझे अकरा दिवस छान गेले. फक्त निर्माल्याचं काही जमेना. वन्सं म्हणतात, "वहिनी, गार्बेजमध्ये टाका, सगळे टाकतात." देवाची फुलं खरकट्यात? त्यांची नीलू म्हणाली, "मामी, दे आर जस्ट फ्लॉवर्स." मी आपलं ब्रेडच्या रिकाम्या पिशवीत रोजचं निर्माल्य साठवलं. तिथं दोन गाड्या आहेत, तीन टीव्ही आहेत, पण एका झेंडूला टेकायला जागा नाही.

मग माझा श्री न्यायला आला. तो वर उत्तरेला, मेन नावाच्या राज्यात जंगलाचा अभ्यास करतो. चार वर्षं घरी आलेला नाही. "या उन्हाळ्याचे आकडे नीट मिळाले ना, आई, की थीसिस संपला. डिसेंबरात घरी," असं गाडीत बसल्या बसल्या म्हणाला. त्यापुढचे दहा तास मी तेवढंच ऐकत होते.

रस्ते गुळगुळीत, पण फुकट नाहीत. वाटेत नाकी लागतात, काही ठिकाणी चालत्या गाडीतून नाणी टोपलीत फेकायची. देवापुढच्या दानपेटीतसुद्धा आपण इतक्या घाईनं टाकत नाही. खाण्यासाठी तिखटमिठाच्या पुऱ्या न्याव्यात. वाटेतल्या हॉटेलात "व्हेजिटेरियन" म्हटलं की बर्गरमधलं मांस काढून उरलेला पाव देतात, आणि पैसे पूर्ण घेतात. मोटेलची खोली बावीस डॉलर. साबणाच्या दोन वड्या त्यात धरलेल्या असतात, त्या आणाव्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी जंगलात गेलो. मैलोगणती स्प्रूस आणि फरची झाडं, पण शेंडे करपल्यासारखे तांबूस. कोवळ्या पालवीवर अळ्यांची धाड पडलेली. सरकार विमानानं औषध फवारतं, अळ्या खातच राहतात. वारा नसताना परातीत वरई ओतावी तसा बारीक आवाज येत होता. मी म्हटलं, "पाऊस आला वाटतं."

"पाऊस नाही, आई. अळ्यांच्या लेंड्या पडतायत."

मी डोक्यावर पदर घेतला. जाणाऱ्यांनी पदराची साडी न्यावी, ड्रेसला पदर नसतो.

तर माझा मुलगा सोवळ्यातल्या आईला साता समुद्रापलीकडे बोलावून लेंड्या दाखवतो! तो त्यांचं वजन करून, त्यांत कुठली द्रव्यं किती ते मोजून वहीत लिहितो, आणि त्याबद्दल त्याला पगार मिळतो. मी कारण विचारलं. तो खाली बसला, पालापाचोळा हातात घेतला. म्हणाला, "हे सगळं वरून पडतं ना, त्यावर मातीतले बारीक किडे, जंतू, बुरशी जोरात वाढतात. काही काळ पार्टीच. पण झाड मेलं की मुळांना चिकटून जगणारी बुरशी उपाशी मरते. तिला झाडच साखर पुरवतं."

"म्हणजे घरचा कर्ता गेल्यावर तेराव्याला गोडधोड, आणि चौदाव्यापासून चूल थंड."

श्रीनं हातातला पाला खाली ठेवला. "आई, हे लिहायला मला चाळीस पानं लागली."

तो दुसऱ्या टोकाला कामाला गेला आणि मी पिशवी काढली. खाली सगळीकडे लेंड्या, तिथं देवाचं कसं ठेवणार? एवढ्यात दिसला चौरंग. चार पायांचा, वर पांढरं कापड ताणलेलं, नुकताच झाडून स्वच्छ केलेला. कुणाचा पाय लागायला नको आणि हळूहळू वाऱ्यानं मातीत जाईल, असा हिशेब करून अकरा दिवसांचं निर्माल्य तिथं मांडलं. वर नव्या पुड्यातलं चिमूटभर कुंकू. हात जोडले आणि मागितलं, डिसेंबर. रात्री भुरभुर पाऊस आला.

तिसऱ्या दिवशी श्री लेंड्या गोळा करायला गेला आणि ओरडला. वरून पडणारं झेलायला त्यानं बारा चौरंग मांडले होते. सगळ्यात जास्त करपलेल्या झाडांखाली त्यांतले तीनच, आणि हा सातव्या नंबरचा त्या तिनांतला. तो बाद झाला तर तो भाग पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मोजायचा. म्हणजे डिसेंबर गेला.

"यार, आई!" म्हणाला. आईला कुणी यार म्हणतं? पण त्याचा चेहरा बघून मी ते सोडून दिलं. मग हळूच म्हणाला, "फुलं काढून टाकू. प्रोफेसरांना कशाला सांगायचं?"

मोह मलाही झाला. चार वर्षांनी मुलगा घरी जेवणार होता. पण घरखर्चाच्या वहीत मी आजवर चुकीची रक्कम खोडून वर खरी लिहिली आहे, पान कधी फाडलं नाही. म्हटलं, "मीच सांगते. तू इंग्रजी कर."

प्रोफेसर म्हणजे पँटला गॅलिसचे पट्टे लावलेले उंच म्हातारे. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि चिमटा पुढे केला. मी म्हटलं, "राहू दे." खोक्याच्या झाकणात सगळं पसरलं आणि तांदूळ निवडतात तसं दुपारपर्यंत निवडलं. फुलं वेगळी, दूर्वा वेगळ्या, तुळस वेगळी. इकडे तांदूळ महाग, म्हणून मी देवाला रोज मोजून अकरा अक्षता वाहते. अकरा दिवसांच्या एकशे एकवीस. सापडल्या एकशे वीस.

"एक मुंगीनं नेली असेल," मी म्हटलं. प्रोफेसरांनी तीही लिहून घेतली.

राहिलं कुंकू. ते पावसानं विरघळून लेंड्यांना लागलं होतं. त्यांनी विचारलं, ही लाल पूड काय आहे?

"सौभाग्याचं लेणं."

श्रीनं भाषांतर केलं. ते मान डोलवून म्हणाले, "सुंदर. पण त्यात कॅल्शियम किती?"

मी चिमूट दाखवली, त्यांनी पुड्यातली तेवढीच तोलून घेतली. मग म्हणाले, त्यात काय काय किती आहे ते बनवणाऱ्याकडून कळलं, तर वजावट करून सातवा चौरंग ठेवता येईल. नाही कळलं तर बाद. निघताना मला विचारलं, बाकीच्या अकरांतल्या काड्याही निवडून द्याल का? दिल्या. पोरं नायगारा दाखवतात, मी लेंड्या निवडून आले.

आता पार्सिपनीला परत आले आहे. वन्संच्या गुलाबाच्या मुळाशी खड्डा करून निर्माल्य पुरते. नीलू परवा फावडं घेऊन आली, म्हणाली, "मामी, हू इट्स इट?" तिला श्रीची चाळीस पानं त्या तेराव्याच्या जेवणाच्या गोष्टीत सांगितली.

तर वहिनी, भजन थोडं उशिरा सुरू झालं तरी चालेल. आधी मारुतीच्या पाराजवळच्या कुंकूवाल्याकडे जा. हळकुंड किती, चुना किती, सवागी म्हणजे टाकणखार घालतो का, सगळं वजनानं विचारा. तो म्हणेल, धंद्याचं गुपित आहे. त्याला सांगा, श्रीला डिसेंबरात घरी यायचं आहे. आणि उलट टपाली कळवा.