उसवणकाकूंची खुंटी

गल्लीच्या टोकाला शिवणाचं दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे उसवणकाकू म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वकष्टाने कमावलं होतं. पँटची शिलाई केसभर सरकली, की ब्लेड हातात आणि दोरा जमिनीवर! गिऱ्हाईक हातापाया पडे, "असू द्या हो, कुणाला दिसतंय?" काकू म्हणत, "मला दिसतंय ना."

शिवणशाळेत शिकवायची त्यांची फार इच्छा. शाळाही घ्यायला तयार होती, फक्त शालान्त परीक्षा पास व्हायला हवी होती. एक्कावन्नाव्या वर्षी काकूंनी पुस्तकं उघडली आणि तिथेही उसवणं सुरू केलं. जरा खाडाखोड झाली की अख्खं पान फाडायचं, वर स्वतःलाच "मठ्ठ कुठली" म्हणायचं. मागच्या वेळी इतिहासाच्या पेपरात तीन तासांत दोनच उत्तरं झाली. अक्षर मात्र मोत्यासारखं!

इतिहास तेवढा राहिला. शेवटी भाची टॅरोचे पत्ते घेऊन आली.

"भविष्य सांगतेस की काय गं?"

"छे! अभ्यासाआधी एक पत्ता काढायचा, चित्र बघायचं आणि स्वतःवर ओरडणं बंद करायचं, मावशी."

काकूंनी पत्ता काढला, नाक मुरडलं, परत आत घातला. दुसरा काढला. तोही आत. सातव्या पत्त्याला भाचीने हातच धरला. "पत्तेसुद्धा उसवतेस?"

पत्त्यावर एक साधा कारागीर होता, बाकावर बसून धातूच्या चकत्या ठोकणारा. झालेल्या चकत्या त्याने खांबावर टांगल्या होत्या.

"तिसरी वाकडी आहे," काकू लगेच म्हणाल्या.

"मग उतरवली का त्याने?"

काकूंनी पत्ता डोळ्यांजवळ नेला. "नाही गं. मेला पुढचीच ठोकतोय!" आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. फार वर्षांनी त्यांना इतकं हलकं वाटलं.

त्या दिवसापासून लिहिलेलं पान दुकानातल्या खुंटीला लागू लागलं. एकदा लागलं की उतरवायचं नाही.

पेपरात तिसऱ्या उत्तरावर शाईचा डाग पडला. हात पान फाडायला गेलाच. "खुंटीला," काकू पुटपुटल्या आणि चौथं उत्तर लिहायला घेतलं.

इतिहासात एक्केचाळीस मिळाले. काकू पास! गुणपत्रिका त्याच खुंटीला लागली. पँट न्यायला आलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "काकू, कागद तिरका लागलाय."

"असू दे," उसवणकाकू म्हणाल्या.

गिऱ्हाईकाला स्टुलावर बसावं लागलं.