सव्वादोनचा कॉल

आमच्या ऑफिसात मी नेटवर्कची जाणकार कशी झाले, ते सांगायलाच हवं. एके दिवशी इंटरनेट बंद पडलं, सगळे हातावर हात ठेवून बसले, आणि मी उठून राउटरचं बटण बंद करून पुन्हा चालू केलं. दिवे हिरवे झाले. त्या दिवसापासून प्रिंटर अडला, की-बोर्ड रुसला, एवढंच काय, पंखा खडखडला तरी हाक मलाच. माझं खरं काम हजेरी आणि पत्रव्यवहार. पण फुकट मिळणारा मान नाकारण्याइतकी मी साधी नाही.

अंबरनाथच्या एमआयडीसीत बाटल्यांची झाकणं बनवणारा आमचा छोटा कारखाना. पुढच्या भागात ऑफिस. साहेबांची काचेची केबिन, बाहेर आमची चार टेबलं. त्यातलं डिस्पॅचचं टेबल दादांचं. दादा चिखलोलीकडच्या शेतकरी घरातले, वय बावन्न. वीस वर्षं गोडाऊनमध्ये खोके रचले, मग गुडघे कुरकुरायला लागले म्हणून त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. त्यांना माउस धरायला मीच शिकवलं. पहिले आठ दिवस ते कोंबडीचं पिल्लू धरावं तसा तो धरायचे, दाबला तर मरेल अशा बेताने. कारखान्यातून मालाची गाडी सोडायची तर तिचं ई-वे बिल नेटवरून काढावं लागतं. ते दादांनी पहिल्यांदा एकट्याने काढलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून माझ्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी आली. मी अर्ध्या भाकऱ्या घरी न्यायच्या ठरवून सगळ्याच तिथे खाल्ल्या.

आणि मग दादांचं नेट जायला लागलं. रोज, दुपारी सव्वादोनच्या सुमारास, अर्धा तास. गंमत म्हणजे फक्त त्यांचंच. माझ्या टेबलावर सगळं सुरळीत. दादांची गाडी मात्र फाटकात उभी, ड्रायव्हर खिडकीतून डोकावतोय, आणि दादा पडद्यावरच्या गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसलेले.

मी माझी सगळी विद्या पणाला लावली. मशीन बंद-चालू केलं. वायरीचं टोक काढून त्यात फुंकर मारली, पुन्हा खोचलं. एक दिवस माझं मशीन त्यांना दिलं, त्यांचं मी घेतलं. तरी सव्वादोनला दादांचंच गेलं. आणि माझ्या मनाने निकाल देऊन टाकला. मशीन बदललं तरी माणूस तोच, तेव्हा खोट माणसात. जेवून आल्यावर जड डोळ्यांनी दादा नको तिथे बोट ठेवत असणार.

साहेबांपर्यंत गाडीवाल्यांच्या तक्रारी गेल्या. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा देणाऱ्या मावशी कपबशा घेऊन आत-बाहेर करत होत्या.

"तुम्हाला यातलं कळतं. काय प्रॉब्लेम आहे नेमका?" साहेबांनी विचारलं.

'कळतं' म्हटल्यावर मी फुगले. "सर, मशीन ओके आहे, मी चेक केलं. दादांचाच हात पडतो कुठेतरी. नको ते बटण दाबत असतील."

"मग एक तारखेपासून त्यांना परत गोडाऊनमध्ये पाठवू या," साहेब म्हणाले. इतका सरळ अर्थ निघेल असं मला वाटलं नव्हतं. मी काहीतरी पुटपुटले आणि बाहेर आले. संध्याकाळी साहेबांनी ते दादांना सांगितलं, तर ते "बरं सायेब" म्हणून परत कामाला लागले. खोके, शिडी आणि ते गुडघे माझ्या डोळ्यांसमोर आले. मी डोळे पुन्हा हजेरीपटात घातले.

महिना संपायला आठवडा होता, तेव्हा भाचीच्या हळदीसाठी दादांनी दोन दिवस रजा टाकली. आमच्या भागात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, रजा नाकारायची कोणाची छाती नाही. त्यांच्या टेबलावर मला बसवलं. सव्वादोन वाजले. गोल चक्र फिरायला लागलं.

मी माझ्या बोटांकडे बघितलं. ती टेबलावर शांत पडली होती.

संध्याकाळी उल्हासनगरला, माझ्या घराजवळ कॅम्प पाचमध्ये जो सिंधी दुकानदार मोबाईलच्या वायरी विकतो, त्याला सगळं सांगितलं. म्हातारा हसला. "दीदी, आपने मशीन देखी, आदमी देखा, वायर के पीछे कौन गया? जिधर जाती है उधर तक जाओ ना." आणि मला पन्नास फूट नवी वायर आणि खिळ्यांच्या क्लिपा घ्यायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी दोनपासून मी तयारीत. नेट गेलं तशी खाली वाकून दादांच्या वायरीमागे निघाले. टेबलाखालून, कपाटामागून, आणि तिथून ती थेट साहेबांच्या केबिनच्या दाराखाली शिरली. राउटर आत, साहेबांच्या मागच्या शेल्फवर. आता दार ठोठावायचं कसं? सव्वादोन ते पावणेतीन साहेब हेड ऑफिसच्या कॉलवर असतात, तेव्हा कोणी आत जायचं नाही हा नियम. कॉलही इतका गंभीर, की बाहेर अवाक्षर ऐकू यायचं नाही. मला त्याचं फार कौतुक होतं.

मी गुडघ्यांवरच होते. तिथून केबिनच्या काचेवरच्या पडद्याच्या पट्ट्यांमधली फट बरोबर डोळ्यांसमोर आली.

साहेब खुर्ची पूर्ण मागे करून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपले होते. खुर्चीचं मागचं चाक, वर साहेबांचं सगळं वजन घेऊन, दादांच्या वायरीवर उभं होतं. रोज एकाच जागी चेपून चेपून वायर चपटी झाली होती. पावणेतीनला साहेब ताठ बसले, चाक हललं, आणि दादांच्या मशीनमागचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

मला आधी हसू फुटलं, मग भीती वाटली, मग लाज. साहेबांना सांगणार तरी काय? सर, तुमच्या झोपेने गाडी अडते? त्यापेक्षा तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब यायच्या आत मी आणि मावशींनी स्टुलावर चढून नवी वायर भिंतीवरून, दाराच्या चौकटीवरून घेतली. मावशी खालून स्टूल धरून एवढंच म्हणाल्या, "कॉलला आता आडकाठी नाही."

दादा रजेवरून आले, हाताला अजून हळदीचा पिवळेपणा. सव्वादोन झाले, नेट जागेवर. मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ गेले आणि अगदी हळू आवाजात, पण फुशारकीने, सगळा शोध सांगितला.

दादा म्हणाले, "मना म्हाईत व्हतं."

"काय माहीत होतं?"

"सायेब निजतात ते. नि खुर्ची वायरीवर येते ते पण. दोन म्हयने झाले."

माझा आवाज चढला. "अहो मग बोलायचं ना! गोडाऊनमध्ये धाडत होते तुम्हाला!"

"कागद द्यायला गेलतो त्यांच्या घरी, बदलापूरला. आईचं डोकं फिरलंय त्यांच्या. रातभर उठते, दार उघडून भायेर जाया बगते. सायेब दाराशी खुर्ची टाकून बसतात. आता तो मानूस अर्धा तास निजतो, तर निजू दे की. बोललो असतो, तर लाजेनं परत निजले नसते." मग गुडघ्यावर हात फिरवत म्हणाले, "गोडाऊनमधी वीस वर्षं काढलीच ना."

मी खुर्ची परत माझ्या टेबलाशी नेली.

त्या आठवड्यात नेट एकदाही गेलं नाही. शनिवारी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. गोडाऊनचा विषय संपला होता. "बघितलंत?" साहेब मला म्हणाले, "जरा कडक बोललं की माणूस सुधारतो."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादाच बोलले. "व्हय सायेब. आता ध्यान देतो."

बाहेर आल्यावर मला राहवेना. मी त्यांच्या टेबलाशी उभी राहिले आणि म्हटलं, "दादा, एक सांगायचंय. तुम्ही नको ती बटणं दाबता, असं साहेबांना मीच..."

दादांनी चष्मा चढवला, माउस आता सराईतासारखा ओढला आणि पडद्यावर गाडीचा नंबर शोधायला लागले.

"त्या दिशी केबिनचं दार उघडंच व्हतं, मॅडम," ते म्हणाले. "बसा. हे बिल परत कागदावर कसं काढायचं, ते मना अजून नीट जमत नाय."

मी खुर्ची ओढली आणि बसले.