खिळ्यावरचे चाक

आमचा सायकलींचा लाकडी ट्रॅक छताखाली आहे आणि वळणावर तो जवळजवळ भिंतीसारखा उभा राहतो. त्या उभ्या वळणाच्या पोटात, जिथे आतून तिरप्या तुळया दिसतात तिथे, एक लांबोडकी खोली आहे. तिचे छत एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला इतके ठेंगणे की नवख्या माणसाचे कपाळ हमखास आपटावे. मी त्या ट्रॅकवर निवृत्तीपर्यंत वेळ नोंदणारा पंच होतो आणि माझ्या कपाळाने त्या छताची ओळख एकापेक्षा अधिक वेळा करून घेतलेली आहे. खोलीची मालकीण मात्र तिथे कधीच आपटली नाही. तिला सगळे आत्या म्हणत. शर्यतीच्या सायकलींसाठी टायर निवडून देणे आणि ते रिमवर चिकटवून देणे, याखेरीज तिने आयुष्यात दुसरे काम केले नाही.

हे काम कसे असते ते आधी सांगितलेले बरे. रस्त्यावरच्या सायकलीचा टायर रिमच्या कडांत अडकून बसतो. आमच्या ट्रॅकवरचा टायर नळीसारखा शिवून बंद केलेला असतो. ट्यूब त्याच्या पोटातच असते. त्याच्या रिमला अडकवणाऱ्या कडा नसतात, फक्त एक उथळ खोबण असते. त्या खोबणीत टायर टिकतो तो चिकटवणाऱ्याच्या हातामुळे. वळणावर सायकल आणि माणूस यांचे सगळे वजन टायरला बाजूला रेटत असते. तो सुटला तर माणूस खाली येतो. मधली पायरी नसते.

म्हणून आत्याकडे घाई चालत नसे. सायकलपटू येऊन म्हणत की सगळ्यांत पातळ, सगळ्यांत हलका टायर द्या. ती आधी रिम मागून घेई. टायरची पाठ खोबणीत टेकवून ती उजेडासमोर धरी. कडेने उजेडाची रेघ दिसली, तर तो टायर कितीही देखणा असो, परत कपाटात जाई. चप्पल पायाच्या मापाची घेतोस की रंगाची, असे ती एखाद्या हट्टी पोराला विचारी. रस्त्यावर एकदा फिरून आलेला टायर तिला खोलीतही नको असे. त्याच्या रबरात रुतलेला बारीक खडा गुळगुळीत फळीवर काय करील याचा नेम नाही, असे तिचे म्हणणे. निवडलेला टायर आधी कोरड्या रिमवर ताणून ठेवायचा. मग रिमला आणि टायरच्या पाठीला सोल्यूशनचा पातळ थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, त्यावर दुसरा द्यायचा. चढवताना व्हॉल्व्हपासून सुरुवात करून दोन्ही हातांनी खाली ताणत यायचे आणि शेवटचा हट्टी भाग अंगठ्यांनी वर उचलून बसवायचा. हवा भरून चाक मुरू द्यायचे. आणि सर्वांत शेवटी हवा सोडून, अंगठ्याने टायर बाजूला लोटत पूर्ण चाकाला फेरी घालायची. कुठेही किंचित उकलला, तर सगळे पहिल्यापासून.

त्या वेळी ट्रॅकवर एक थट्टा चाले की हिने लावलेला टायर सुटलाच तर रिम सोबत घेऊन सुटेल. ती स्वतःही त्यात भर घाली. माझ्या हाताला लागलेले काही सुटत नाही, लग्न तेवढे सुटले, असे म्हणून ती सोल्यूशनने माखलेली बोटे दाखवी.

ही थट्टा एका संध्याकाळी बंद झाली.

तिचा धाकटा भाऊ आमच्या चांगल्या सायकलपटूंपैकी होता. तो तिला ताई म्हणे, म्हणून तेव्हा सगळेच तिला ताई म्हणत. एका शर्यतीत, नेमक्या तिच्या खोलीवरच्या वळणात, त्याचा मागचा टायर रिमवरून निसटला. मी घड्याळ हातात घेऊन समोर उभा होतो. तो पडला, फळ्यांवरून घसरत तळाशी आला आणि पुन्हा उठला नाही. ती खाली खोलीत होती. तिने ते पाहिले नाही. तिने ते ऐकले.

चौकशी झाली. आधी टायर फाटला आणि मग निसटला, की चिकटवणेच कच्चे होते, एवढाच प्रश्न होता. पण मागचे चाक पाठीमागून येणाऱ्यांच्या सायकलींखाली चुरगळले होते, आणि त्या धावपळीत कुणीतरी ते भंगारात टाकून दिले. तेव्हा कारण निश्चित करता आले नाही, असा निर्णय झाला. हे वाक्य कागदावर ठीक दिसते. त्याच्यासोबत एका घरात राहणे फार अवघड असते.

पुढचे चाक मात्र शाबूत राहिले. तेही तिनेच, त्याच दिवशी, त्याच डब्यातल्या सोल्यूशनने चिकटवलेले होते. तिने ते टायरसकट खोलीतल्या एका खिळ्यावर टांगले. त्याचा टायर ओढून पाहिला असता तर तिच्या त्या दिवशीच्या हाताची परीक्षा झाली असती, हे ट्रॅकवरच्या प्रत्येकाला कळत होते. मी एकदा तसे सुचवले. तिने हातातले काम थांबवले नाही.

"पाहीन की," ती म्हणाली. "पण एकदा ओढला की ओढला, साहेब. परत होता तसा लावता येत नाही."

त्यानंतर तिला ताई म्हणायला कुणाची जीभ रेटेना. भावाची मुलगी तेव्हा नुकती बोलू लागली होती. ती आत्या म्हणे, तेच सगळ्यांनी उचलले. आत्या, वहिनी आणि ती मुलगी अशा तिघी एका घरात राहत. वहिनीने तिला कधी बोल लावला नाही, कधी काही विचारलेही नाही, आणि हे न विचारणेच आत्याला जड जात असावे असे मला वाटे. काही सायकलपटू काही काळ दुसरीकडे गेले, मग परत आले. तिने लावलेला एकही टायर त्यानंतर सुटला नाही. ती शर्यत पाहायला मात्र कधी वर आली नाही.

याच काळातली एक गोष्ट सांगायची की नाही, यावर मी बराच विचार केला आहे. खोलीत बसले की डोक्यावरून जाणारी प्रत्येक सायकल ऐकू येते. तिचे दोन आवाज असतात: पुढचे चाक हलके सरसरत जाते, आणि त्याला लागूनच मागचे, फळी दाबत. आत्या आवाजावरून माणूस ओळखत असे. एका दुपारी सरावाच्या मधल्या सुटीत ट्रॅक रिकामा होता आणि मी तिच्याकडे चहा घेत बसलो होतो. वळणाच्या तोंडाशी एक आवाज सुरू झाला. पातळ, घट्ट हवेचा टायर फळ्यांवरून यावा तसा तो आमच्या डोक्यावर आला, आणि वळणाच्या मध्यावर थांबला. विरला नाही, थांबला.

मी वर जाऊन पाहिले. दारे बंद होती, ट्रॅकवर कुणी नव्हते. खाली येऊन मी तिला समजावले की हवेत गारवा आला की लाकूड आकसते, फळ्यांचे सांधे एकापाठोपाठ एक वाजत जातात, आणि कानाला ते चाकासारखे वाटते. हे स्पष्टीकरण आजही मला बरोबर वाटते.

"असेल," ती म्हणाली. मग कपातला चहा तसाच ठेवून म्हणाली, "एकच चाक होतं. नाही?"

माझ्या ते ध्यानात आले नव्हते, पण तिचे खरे होते. कुठले, पुढचे की मागचे, असे मी सहज विचारले. तिने फडके उचलले आणि टेबल पुसायला घेतले.

भाची मोठी झाली ती त्याच खोलीत, शाळेचे दप्तर पसरून. आईला न सांगता ती ट्रॅकवर चढली आणि कळले तेव्हा ती बरीच पुढे गेलेली होती. तिची पहिली मोठी शर्यत ठरली, तेव्हा आत्याने तिच्यासाठी टायरची एक जोडी कधीची निवडून कोरड्या रिमवर ताणून ठेवलेली होती. शर्यतीच्या आठवड्यात मुलगी आली ती टायर लावलेली चाके घेऊनच. मी त्या दिवशी तिथे होतो. आत्याने एक चाक हातात घेतले आणि अंगठा टेकवला.

"कुणी केलं?"

"दुकानात. दोन्ही बाजूंनी चिकटते ती पट्टी लावून. अर्ध्या तासात होतं."

"अर्ध्या तासात फाटका मोजाही शिवून होत नाही माझा."

"मला मोजे नाही शिवायचे, आत्या. शर्यतीत उतरायचंय."

"मग इथे का नाही आणलीस?"

मुलीने खिळ्याकडे पाहिले. "तुला माहितीये."

मी उठू लागलो. मुलगी म्हणाली की काका, तुम्ही बसा. मग आत्याकडे वळून, आवाज न चढवता, ती म्हणाली, "आई विचारत नाही, तू सांगत नाहीस. मी त्या चाकाखाली बसून पाढे पाठ केलेत. एकदा ओढ ना तो टायर. मला कळू दे मी कुणाच्या हातावर बसतेय."

"आणि निघाला तर?"

"तर मी दुकानातलीच चाकं लावीन. आणि रात्री तुझ्या हातचं जेवीन. रोज जेवते तशी."

हातातले चाक खाली ठेवून आत्या भिंतीवरच्या चाकापाशी गेली. मग तिने ते काढले. त्या खिळ्यावरून ते कधी निघेल असे मला वाटले नव्हते. भिंतीवर त्याचा फिकट गोल उमटलेला होता. तिने धूळ पुसली. टायरमध्ये हवा नव्हतीच. व्हॉल्व्हच्या बरोबर समोर, जिथे टायर पहिल्यांदा सुटतो तिथे, तिने अंगठा लावला आणि लोटले. काही झाले नाही. तिने फेरी पूर्ण केली. मग बोथट लोखंडी पट्टी कडेखाली घालून एवढीशी जागा केली, दोन्ही मुठींत टायर धरला आणि पाय टेबलाला लावून ओढला.

रबर वाळून गेले होते, ते तिच्या मुठीत भुगा होऊन आले. शिवण उसवली. मागोमाग टायर फाटला, आणि त्याच्या पाठीचे कापड आहे तसे रिमला चिकटून राहिले. तिने नखाने ते उचलून पाहिले. ते उचलले गेले नाही.

मुलगी हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. "इतक्या वर्षांनी सुटत नाही, तर तेव्हा काय सुटणार होता? चूक तुझी नव्हती, आत्या."

"हे पुढचं आहे," आत्या म्हणाली.

"हो गं. पण दोन्ही तूच लावलेली ना?"

"दोन्ही मीच."

मुलीला तेवढे पुरे होते. तिने स्वतःच दुकानातले टायर खेचले. ते पट्टीसकट लांब साल निघावी तसे निघून आले. मग ताणून ठेवलेली जोडी तिने खाली उतरवली आणि आत्यासमोर ठेवली.

शर्यतीच्या दिवशी मी वर गेलो नाही. आत्या एका तुळईला तळहात लावून उभी होती. डोक्यावरून झुंड जाई तेव्हा मला नुसता गडगडाट ऐकू येई. तिला त्यातली आपली दोन चाके वेगळी ऐकू येत असावीत. वळणाच्या मध्यावर प्रत्येक खेपेला तिचा श्वास थांबे आणि आवाज पुढे गेल्यावर सुटे. शर्यत संपली. मुलगी दुसरी आली, धावत खाली आली आणि त्या आनंदात ठेंगण्या छताला आपटली. तिला बिलगलेली आत्या तिच्या कपाळावर फुंकर घालत होती. घरी वहिनीला आत्याने त्या चाकाचे काय सांगितले, ते मला ठाऊक नाही. पण पुढच्या शर्यतीला वहिनी प्रेक्षकांत बसलेली मी पाहिली. मला वाटले, हिशेब मिटला.

नंतर एका दुपारी सहज खोलीवर गेलो. खिळ्यावर ती रिम पुन्हा टांगलेली होती, फाटक्या कापडासकट. आत्या भाचीच्या चाकांशी बसली होती. ट्रॅक रिकामा होता. आम्ही इकडचे तिकडचे बोलत असताना वळणाच्या तोंडाशी आवाज सुरू झाला, डोक्यावर आला आणि मध्यावर थांबला.

हवा गार आहे, असे काहीतरी मी म्हणालो.

"साहेब, मागे तुम्ही विचारलं होतं, कुठलं चाक," आत्या म्हणाली. तिने वर पाहिले नाही. "मागचं. पुढच्यावर इतकं वजन नसतं."

मग तिने मुलीचे मागचे चाक मांडीवर ओढले, त्यातली हवा सोडली, आणि व्हॉल्व्हपासून अंगठ्याने फेरी सुरू केली.